नळाच्या पाण्याला मातीचा वास : सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागला की या सदराकडे पाण्याबद्दलची पत्रं वाढतात, आणि यावेळी तर बरीचशी सोलापूरचीच आलीत. तक्रार जवळपास एकच, म्हणून यावेळचं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न : आम्ही जुळे सोलापूरला राहतो. फेब्रुवारीपासून नळाच्या पाण्याला मातीचा वास येतोय, म्हणजे पहिल्या पावसानंतर येतो ना तसा, पण पाण्यात तो नको वाटतो. पाणी दिसायला एकदम स्वच्छ. मिस्टर म्हणतात मला काहीच येत नाही, सासूबाई म्हणतात गटारीचं पाणी मिसळलंय. मी उकळून बघितलं तर वास उलट जास्तच आला. मुलं पाणी प्यायला कंटाळा करतात. नक्की काय आहे हे आणि प्यावं का?

ताई, तुमचं नाक बरोबर आहे. आणि पहिल्या पावसाचा वास म्हणालात तेही अगदी नेमकं, कारण तो वास आणि तुमच्या पाण्यातला वास खरोखर एकाच पदार्थाचा असतो. त्याला जिओस्मिन म्हणतात. १९६५ साली शास्त्रज्ञांनी तो वेगळा काढून त्याला नाव दिलं. मातीतले काही जिवाणू तो बनवतात म्हणून पावसात मातीला वास सुटतो, आणि तलावात-धरणात निळं-हिरवं शेवाळ वाढलं की तेही हाच पदार्थ बनवतं. त्याच्या जोडीला आणखी एक असतो, नाव लांबलचक आहे, सगळे एमआयबी म्हणतात, त्याचा वास जरा कुबट, कापरासारखा.

आता मिस्टरांना का येत नाही. माणसाचं नाक या पदार्थाला प्रचंड तिखट आहे, एका लिटरमधे ५ ते १० नॅनोग्रॅम असलं तरी बऱ्याच लोकांना कळतं. हिशोब करून बघा, १० नॅनोग्रॅम धरले तर फक्त एक ग्रॅम जिओस्मिन १० कोटी लिटर पाण्याला वास आणायला पुरतो. एवढ्या कमी प्रमाणात काही जणांना पटकन कळतं आणि काहींना दुप्पट-तिप्पट झालं तरी कळत नाही, त्यात कुणाची चूक नाही. शिवाय सारखा सारखा वास घेतला की नाक बधिर होतं, म्हणून घरात भांडण लागलं तर सकाळी पहिल्यांदा घेतलेला वास खरा धरा.

उकळल्यावर जास्त का आला, तर पाणी तापलं की हा वास वाफेबरोबर वर येतो आणि किचनभर होतो. फ्रीजमधल्या पाण्याला कमी येतो तो याच कारणानं, आंघोळीच्या गरम पाण्याला जास्त येतो तोही त्याचमुळे. चांगलं बराच वेळ उकळत ठेवलं तर थोडा कमी होतो पण त्यात गॅस जळतो त्या मानानं हाती काही लागत नाही. तुरटी फिरवूनही जाणार नाही, तुरटीनं गाळ खाली बसतो, पाण्यात विरघळलेला वास नाही.

प्यावं का, हा खरा प्रश्न. जिओस्मिन आणि एमआयबी ज्या प्रमाणात पाण्यात येतात त्या प्रमाणात त्यांचा शरीराला अपाय होतो असं आढळलेलं नाही. तेव्हा नुसता मातीचा वास असेल, पाणी गढूळ नसेल आणि पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर पोटात काही जाईल या भीतीनं घाबरू नका. पण इथं एक गोष्ट मला अगदी कळकळीनं सांगायची आहे, कारण पत्रांमधे सगळीकडे हाच घोटाळा दिसतो. वास आला म्हणजे पाणी वाईट आणि वास नाही म्हणजे पाणी चांगलं, असं नाही हो. गॅस्ट्रो, कावीळ, टायफॉइड ज्या जंतूंनी होतो त्यांना वास नसतो. त्याच निळ्या-हिरव्या शेवाळातल्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचं विष बनवतात, ते लिव्हरवर जातं, त्यालाही वास नसतो, आणि ते उकळून मरत नाही, पाणी आटलं की उलट घट्ट होतं. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मधे हेच विष नळाच्या पाण्यात सापडलं तेव्हा जवळपास ५ लाख लोकांना सांगितलं होतं की पिऊ नका आणि उकळूनही पिऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनं रोजच्या पिण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिनची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम ठेवलीय. म्हणजे वास हा इशारा आहे की धरणात शेवाळ वाढलंय, त्यापुढचं काम टेस्टिंगचं, आपल्या नाकाचं नाही.

सासूबाईंची शंका मात्र उडवून लावू नका. गटारीचा वास वेगळा, सडकी अंडी किंवा संडाससारखा, आणि तो बहुतेक वेळा पाणी सुटल्या सुटल्या पहिल्या काही मिनिटांत येतो. आपल्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं, मधे लाइन रिकामी असते, कुठं गळती असेल तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. तसा वास आला तर ते पाणी अजिबात पिऊ नका, शेजारच्या घरांत विचारा, त्याच दिवशी तक्रार करा. पहिलं पाणी एरवीही पिण्यात घेऊ नका, टाकून द्यायला जीव होत नाही हे मला माहिती आहे, ते बादल्यांत धरून संडास-बाथरूमला वापरा.

ओळखायचं कसं? काचेची झाकणाची बरणी घ्या, साबणाचा वास नसलेली. थेट नळाचं पाणी अर्धी बरणी भरा, झाकण लावा, पातेल्यातल्या कढत पाण्यात पाच-दहा मिनिटं उभी करून ठेवा, मग जोरात हलवा आणि झाकण उघडून लगेच हुंगा. दुसऱ्या बरणीत असंच तुमच्या टाकीतलं किंवा हौदातलं पाणी घ्या. दोन्हीत मातीचा वास असेल तर तो धरणापासून आलाय. नळाच्या बरणीला नाही आणि टाकीच्या बरणीला आहे, तर शेवाळ तुमच्या घरात आहे, त्याचं खाली लिहिलंय.

मुलांसाठी एवढं करा, झाकलेल्या भांड्यात पाणी फ्रीजमधे किंवा माठात गार करून द्या, वास निम्मा झाल्यासारखा वाटेल. पूर्ण घालवायचा तर कार्बनचा फिल्टर लागतो.

प्रश्न : मी शेळगीचा, गिरणीतून रिटायर झालेला माणूस. आम्ही लहानपणापासून इथलं पाणी पितोय, असला वास कधी नव्हता. आता दर उन्हाळ्याला का? आणि एवढं मोठं शुद्धीकरण केंद्र असताना वास घरापर्यंत येतोच कसा? जरा समजेल असं सांगा.

काका, पाणी कुठून येतं तिथून सुरू करू. शहराला पाणी येतं ते मुख्यतः उजनीचं. एक तर धरणावरून पाइपलाइननं पाकणीच्या केंद्रात, आणि दुसरं भीमेच्या पात्रात सोडून औज बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उचलून सोरेगावला. थोडं हिप्परग्याचं, म्हणजे एकरुख तलावाचं.

उजनी १९८० साली पूर्ण झालं. त्याच्या वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी सगळ्या शेवटी भीमेला मिळतात आणि भीमा उजनीत येते, त्यामुळे तिकडची वस्ती वाढली तसं सांडपाणीही वाढलं आणि ते सगळं आपल्या धरणात येऊन थांबतंय. सांडपाण्यात फॉस्फरस आणि नायट्रोजन असतो, साबणाचा, मैल्याचा, शेतातून वाहून आलेल्या खताचा. शेवाळाला हेच खाद्य. त्यात उजनीची रचना बघा, ११७ टीएमसीचं धरण आणि त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी खाली तसंच पडून राहतं. गाळात साठलेला फॉस्फरस उन्हाळ्यात तळाचा ऑक्सिजन संपला की पुन्हा पाण्यात सुटतो. वरून आपलं ऊन, वारा पडलेला, पाणी संथ, आणि धरण मायनसमधे, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली गेलेलं. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशींत हवेच्या बारीक पिशव्या असतात, त्यामुळे ते उन्हासाठी वर तरंगत येतं आणि बाकीच्या शेवाळांना मागं टाकतं. मार्च ते जून ही त्याची सुगी. नदीतून येणाऱ्या पाण्याचंही तेच, बंधाऱ्यात अडलं की ते छोटं तळंच झालं.

आता केंद्रात काय होतं. तिथं तुरटी किंवा पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड टाकून गाळ बसवतात, मग वाळूचा फिल्टर, मग क्लोरीन. ही पद्धत गढूळपणा आणि जंतू यांच्यासाठी फार चांगली आहे, पण विरघळलेला जिओस्मिन यातल्या कशालाच दाद देत नाही, क्लोरीनलासुद्धा नाही. त्यात एक बारीक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. शेवाळ जिवंत असतं तोवर बराचसा जिओस्मिन त्याच्या पेशीच्या आत असतो. पेशी अख्खी असताना तुरटीनं खाली बसवली तर वास तिच्याबरोबर गाळात जातो. पण सुरुवातीलाच क्लोरीनचा मोठा डोस मारला तर पेशी फुटते, आतला वास (आणि विष असेल तर विषही) पाण्यात सुटतो, आणि मग तो काढणं अवघड. म्हणजे शेवाळाच्या दिवसांत आधी गाळ बसवायचा आणि क्लोरीन नंतर द्यायचा, हा क्रम जिथं पाळला तिथं पैसे न घालवता फरक पडतो.

खरा उपाय म्हणजे पावडरीतला ॲक्टिव्हेटेड कार्बन. तो वासाचे हे पदार्थ आपल्याला चिकटवून घेतो आणि गाळाबरोबर खाली बसतो. ब्राझीलमधे रिओ द जानेरोला जानेवारी २०२० मधे अगदी असंच झालं होतं, नदीत सांडपाणी, मग शेवाळ, मग लाखो लोकांच्या नळाला मातकट वास, बाटलीबंद पाण्यासाठी दुकानात रांगा. शेवटी तिथल्या केंद्रात हाच कार्बन टाकायला घेतला. कार्बनला काम करायला निदान अर्धा-पाऊण तास पाण्याबरोबर राहावं लागतं, आणि माझं मत विचाराल तर उजनीची एवढी लांब पाइपलाइन त्यासाठी सोन्यासारखी आहे, धरणाशीच कार्बन टाकला तर केंद्रात पोचेपर्यंत त्याला भरपूर वेळ मिळेल. फक्त त्याच टप्प्यावर क्लोरीन टाकला तर तो कार्बनलाच खातो. खर्च आहे, पण वर्षातले दोन-तीन महिनेच लागतो. तुमच्या भागातल्या नगरसेवकाला भेटाल तेव्हा वास येतो एवढंच सांगू नका, कार्बनचा डोस देणार का आणि मायक्रोसिस्टिनची टेस्ट करता का, हे दोन प्रश्न लेखी विचारा. आणि सांडपाण्याचा प्रश्न सुटल्याशिवाय हे दर उन्हाळ्याला होत राहणार, तो लढा पुण्यापर्यंत न्यावा लागेल. सोलापूरकरांनी तो सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : दमाणी नगरला राहतो. वास येतो म्हणून आरओ घेतला, पहिले काही महिने पाणी मस्त होतं, आता परत तोच वास. मशीन खराब निघालं का?

मशीन नाही, कार्बनचं कॅन्डल संपलंय. आरओमधे मेंब्रेनच्या आधी कार्बन असतो, मातीचा वास मुख्यतः तोच ओढतो. त्याची जागा भरली की वास परत यायला लागतो, आणि शेवाळाच्या दिवसांत तो लवकर भरतो. कॅन्डल बदला, वर्षाची वाट बघू नका. जुना कार्बन तसाच ठेवला तर त्यात जंतू वाढतात.

आणि एक विचारतो, तुमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, किती आहे? ५०० च्या आत असेल तर नळाच्या पाण्याला आरओची गरजच नाही, कार्बन आणि यूव्ही असलेला साधा प्युरिफायर पुरतो. आरओ एक लिटर प्यायचं पाणी द्यायला दोन-तीन लिटर बाहेर टाकतो आणि ते आपल्या गावात कुणाला परवडणार? बोअरचं जड पाणी पीत असाल तर गोष्ट वेगळी. आता घेतलाच आहे तर बाहेर पडणारं पाणी बादलीत धरा, फरशी आणि भांड्यांना चालतं.

प्रश्न : आमच्या गच्चीवरच्या टाकीत आतून हिरवं धरतं. पिवळट रंगाची जुनी टाकी आहे. घासली तरी पंधरा दिवसांत परत. अंगणातल्या हौदाचंही तसंच. काय टाकावं? (नीलम नगर)

ताई, काही टाकायचं नाही, उजेड बंद करायचा. दुपारी झाकण लावून झाकणाच्या फटीतून आत बघा, टाकीच्या भिंती आतून उजळलेल्या दिसल्या तर उजेड प्लास्टिकमधून आत येतोय. जुन्या पातळ टाकीचं हे नेहमीचं आहे. बाहेरून दोन हात काळा आणि त्यावर पांढरा ऑइलपेंट मारा, काळ्यानं उजेड अडतो, पांढऱ्यानं पाणी तापत नाही. नाहीतर गोणपाट गुंडाळा. नवी घ्याल तेव्हा आत काळा थर असलेली घ्या. हौदाला पत्र्याचं किंवा फरशीचं घट्ट झाकण, त्यानं डेंग्यूचे डासही थांबतात.

घासताना पाणी संपत आलेला दिवस धरा म्हणजे वाया जात नाही. बादलीभर पाण्यात दोन-तीन चमचे ब्लिचिंग पावडर कालवून निवळी घ्या, ब्रशनं भिंती आणि कोपरे घासा, अर्धा तास ठेवा, मग धुऊन ते पाणी काढून टाका. हातात ग्लोव्हज, आणि त्या बादलीत ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी गॅस होतो. मोठ्या टाकीत एकट्यानं उतरू नका. तळाचा चिकट गाळ काढल्याशिवाय नुसतं ब्लिचिंग टाकून उपयोग नाही, वास त्या गाळातच असतो.

चार-पाच दिवस साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो हेही लक्षात ठेवा. आरोग्य कर्मचारी ओटी टेस्ट करतात, नळीत पाणी घेऊन थेंब टाकला की पिवळं होतं, ती तुमच्या पिंपातल्या पाण्याचीही करून मागा. नळाशी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असायला हवा. पिंपात पिवळं झालंच नाही तर मेडिक्लोरचे, म्हणजे क्लोरीनच्या औषधाचे थेंब बाटलीवर लिहिलंय त्या प्रमाणात टाका. टेस्ट केलेलं पाणी फेकून द्या, ते प्यायचं नसतं.

प्रश्न : उत्तर सोलापूर तालुक्यात द्राक्षबाग आहे. शेततळ्यावर हिरवी साय धरलीय, वास येतो, ड्रिपचे फिल्टर तुंबतात. बोर्डोसाठी मोरचूद घरात आहेच, ते टाकू का? गाई आणि शेरडं-मेंढरं तिथंच पितात.

दादा, थांबा. आधी कुठलं शेवाळ आहे ते बघा. काठी बुडवून वर काढा. काठीला धागे-दोरे लोंबले, हातात केसांसारखे आले, तर ते साधं हिरवं शेवाळ, त्रास देतं पण सहसा विष नाही. काठी पेंटच्या डब्यात बुडवल्यासारखी हिरवी-निळसर होऊन निघाली आणि धागे नाहीत, तर ते निळं-हिरवं, आणि त्यात विष असू शकतं. वाऱ्यानं एका कडेला गोळा झालेली साय सगळ्यात वाईट, आणि जनावर नेमकं कडेलाच पितं.

तसं असेल तर आजच जनावरं तिथून हलवा, कुंपण घाला, पाणी दुसरीकडचं पाजा. पिऊन झालं असेल आणि जनावर थरथरतंय, खात नाही, उठत नाही असं दिसलं तर डॉक्टरांना बोलवा आणि तळ्याचं पाणी बाटलीत भरून दाखवा.

मोरचूदनं शेवाळ मरतं हे खरं, पण एकदम मेलं की पेशी फुटून आतलं सगळं विष आणि वास पाण्यात येतो, म्हणजे टाकल्यानंतरचे दिवस आधीपेक्षा वाईट. मेलेलं शेवाळ सडून पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे सोडले असतील तर तेही जातात. आणि मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार, मेंढरांना तांबं फार लवकर बाधतं, गाईपेक्षा कितीतरी जास्त. टाकायचंच झालं तर कृषी खात्याच्या माणसाकडून तळ्याच्या पाण्याच्या हिशोबानं डोस काढून घ्या, अंदाजे मूठ मारू नका, आणि नंतर निदान दोन आठवडे जनावरांना ते पाणी नको.

त्यापेक्षा कायमचं करा. बागेतून खताचं पाणी किंवा गोठ्याचं पाणी तळ्यात येतंय का बघा आणि ते वळवा. जमलं तर वर शेडनेट ताणा, बाष्पीभवनही कमी होतं. ड्रिपचा फुटव्हॉल्व्ह वरच्या सायीत किंवा तळाच्या गाळात ठेवू नका, दोन्हीच्या मधे तरंगता बांधा, फिल्टर तुंबायचे निम्मे कमी होतील.

प्रश्न : उजनीची चिलापी आणतो, उन्हाळ्यात तिला चिखलाचा वास येतो. शिळी असते का? (अशोक चौक)

शिळी नाही. मासा कल्ल्यांतून तोच जिओस्मिन पाण्यातून ओढून घेतो आणि तो चरबीत साठतो. ताजा, लाल कल्ल्याचा मासासुद्धा मातकट लागतो. कातडी काढा, पोटाकडची चरबी आणि बाजूचा काळपट भाग काढून टाका, आणि चिंचेच्या कोळात किंवा लिंबाच्या रसात अर्धा तास ठेवून मग धुवा. आंबटपणात जिओस्मिन मोडतो आणि वास नसलेला पदार्थ तयार होतो. एवढं फक्त करा, पाण्यावर हिरवी साय दिसते त्या दिवसांत आतडी आणि लिव्हर खाऊ नका, विष असलं तर ते तिथं साठतं आणि चिंचेनं ते जात नाही.